३० एक्स की १५ एक्स? खिशात मावणारे प्रवासी झूम कॅमेरे

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात जो आकडा छापलेला असतो, तोच कॅमेरा निवडताना सर्वांत कमी उपयोगाचा. '३० एक्स' म्हणजे लेन्सचे लांबचे टोक (पूर्ण झूम) भागिले रुंद टोक (झूम अजिबात नसताना), बाकी काही नाही. ही टोके फोकल लेंथमध्ये, म्हणजे मिमीत मोजतात; आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते. २४ पासून ७२० मिमीपर्यंत जाणारी लेन्स ३० एक्स आणि २४ पासून ३६० पर्यंत जाणारी १५ एक्स. ह्या भागाकारातून चित्र कसे येईल ते कळत नाही. ते कळायला दुसरा एक भागाकार आहे, आणि त्याचे आकडे लेन्सच्या तोंडावरच्या कड्यावर छापलेले असतात. त्याकडे येऊच.

आधी मैदानात कोण आहे ते पाहू. जॅकेटच्या खिशात जाणारे, २४० ते ३४० ग्रॅम वजनाचे आणि किमान २०० मिमीपर्यंत पोहोचणारे कॅमेरे मोजकेच आहेत. छोट्या म्हणजे १/२.३ इंची सेन्सरचे (प्रकाश टिपणाऱ्या चिपचे) चार: कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस (२४–९६० मिमी), सोनी एचएक्स ९९ (२४–७२०), पॅनासॉनिक लुमिक्स टीझेड ९५ (२४–७२०) आणि त्याचाच धाकटा भाऊ टीझेड ९९. एक इंची सेन्सरचे दोन: पॅनासॉनिक टीझेड २०० (२४–३६०) आणि सोनी आरएक्स १०० मार्क ७ (२४–२००). पॅनासॉनिकचे हेच कॅमेरे काही देशांत झेडएस ८०, झेडएस ९९, झेडएस २०० ह्या नावांनी विकले जातात. नाव वेगळे दिसले म्हणून कॅमेरा वेगळा समजू नये.

टीझेड ९९ सोडला तर ही सगळी मंडळी २०१८ आणि २०१९ सालची आहेत. टीझेड ९९ आला २०२५ मध्ये, पण लेन्स जुनीच घेऊन. मोबाइलने हा बाजार खाल्ला आणि कंपन्यांनी नवे काही काढायचे जवळजवळ थांबवले. त्यामुळे नवे मॉडेल येईल म्हणून थांबण्यात फारसा अर्थ नाही, आणि चांगल्या स्थितीतला वापरलेला कॅमेरा घेण्यात कमीपणाही नाही.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. रात्रीचा बाजार, देवळाचा अंधारा गाभारा, रुंद देखावा, जेवणाचे ताट ही कामे चांगला मोबाइल ह्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांपेक्षा सरस करतो. एका क्लिकमागे तो अनेक फ्रेम घेऊन एकमेकींवर रचतो, हे कॅमेरे बहुधा एकच घेतात. महागड्या मोबाइलमध्ये आता १२० मिमीच्या आसपासची खरी लेन्सही असते. तेव्हा प्रवासी झूम कॅमेऱ्याचे खरे काम साधारण १५० मिमीच्या पुढे सुरू होते. २४ मिमीला कोण किती धारदार यावर काथ्याकूट करणारी परीक्षणे वाचून डोके शिणवू नका. लांबच्या टोकाला काय मिळते ते विचारा.

किती लांब पुरेल याचा हिशेब तोंडी करता येतो. चित्राची रुंदी म्हणजे ३६ (मोठ्या कॅमेऱ्यांच्या 'फुल फ्रेम' सेन्सरची मिमीतली रुंदी) भागिले फोकल लेंथ, गुणिले अंतर. २० मीटरवरच्या झाडावर ३० सेंटिमीटरचा पक्षी बसला आहे असे धरा. ७२० मिमीला चित्रात १ मीटर रुंदीचा भाग मावतो, म्हणजे पक्षी चित्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. ३६० मिमीला २ मीटर मावतात आणि पक्षी सातव्या हिश्शाएवढा उरतो. २०० मिमीला ३.६ मीटर मावतात, तिथे पक्षी शोधावाच लागतो. ६० मीटरवरच्या शिखरावरचे शिल्प घ्या: ७२० ला ३ मीटरचा तुकडा, ३६० ला ६ मीटरचा. इमारतींचे तपशील, घाटापलीकडचा डोंगर, रस्त्यावरची माणसे यांना ३६० भरपूर झाले. पक्षी आणि चंद्र हवे असतील तरच पुढचा मोह धरावा. चंद्र तरी केवढा, तर ७२० मिमीला चित्राच्या उंचीच्या सुमारे पाव.

आता तो दुसरा भागाकार. लेन्सच्या कड्यावर दोन जोड्या छापलेल्या असतात. टीझेड ९५ वर ४.३–१२९ मिमी आणि ३.३–६.४ असे असते: पहिली जोडी लेन्सची लांबी, दुसरी एफ-आकडा (लांबी भागिले छिद्राचा व्यास), दोन्हींत आधी रुंद टोक, मग लांब. ७२० हा फुल फ्रेमच्या हिशेबात फिरवलेला आकडा आहे, लेन्सची खरी लांबी १२९ मिमी. १२९ ला ६.४ ने भागा, उत्तर येते २०. म्हणजे पूर्ण झूमला दूरच्या वस्तूचा प्रकाश २० मिलिमीटर व्यासाच्या खिडकीतून आत येतो. टीझेड २०० ची लेन्स ८.८–१३२ मिमी, लांबच्या टोकाला एफ/६.४. भागून २०.६ मिलिमीटर.

जरा थांबून पाहण्यासारखे आहे हे. ३० एक्स आणि १५ एक्स म्हणून शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांची खरी लांबी जवळपास सारखी, आणि खिडकीही सारखी. पक्ष्याची प्रतिमा दोन्ही सेन्सरवर मिलिमीटरमध्ये एकाच मापाची पडते आणि तेवढाच प्रकाश घेऊन पडते. टीझेड ९५ चा सेन्सर छोटा (६.१७ × ४.५५ मिमी) असल्याने तो पक्ष्याभोवतीचा देखावा टिपतच नाही, टीझेड २०० चा मोठा (१३.२ × ८.८ मिमी) तोही टिपतो. क्षेत्रफळात मोठा सेन्सर चौपट आहे. टीझेड २०० चे ३६० मिमीचे चित्र मधोमध अर्ध्या रुंदीवर कापले की ७२० मिमीचेच चित्र हाती येते, ५ मेगापिक्सेलचे.

'पण टीझेड ९५ तर २० मेगापिक्सेल देतो' हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. प्रकाश छिद्रातून जाताना पसरतो. एफ/६.४ ला एका बिंदूचा सेन्सरवर सुमारे ८.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो. टीझेड ९५ चा एक पिक्सेल १.२ मायक्रॉनचा, म्हणजे लेन्स कितीही निर्दोष असली तरी एक बिंदू सात पिक्सेलांच्या रुंदीवर पसरतो. ते २० मेगापिक्सेल बरेचसे नुसते फायलीचे वजन आहे. टीझेड २०० चे पिक्सेल २.४ मायक्रॉनचे, तिथे तोच ठिपका साडेतीन पिक्सेल व्यापतो. स्वच्छ उन्हात टीझेड ९५ किंचित जास्त तपशील दाखवील, पण ३० आणि १५ एवढा फरक कधीच नाही. आणि ३६० च्या आतल्या प्रत्येक चित्रात टीझेड २०० पुढे राहतो.

हाच भागाकार बाकीच्यांना लावला की रंजक गोष्टी निघतात. कॅनन एसएक्स ७४० ची लेन्स १७२ मिमी, एफ/६.९: खिडकी २५ मिलिमीटर. खिशातल्या सहा जणांत सर्वांत मोठी! म्हणजे दूरचे बारकावे टिपण्याची खरी कुवत ह्याच्या लेन्समध्ये जास्त आहे. सोनी आरएक्स १०० मार्क ७ ची ७२ मिमी, एफ/४.५: खिडकी १६ मिलिमीटर. हा कॅमेरा ह्या सगळ्यांत सर्वांत हुशार असला तरी दुर्बीण म्हणून सर्वांत तोकडा, आणि २०० मिमीचे चित्र कापत ७२० ला नेले तर जेमतेम दीड मेगापिक्सेल उरतात. खिशाबाहेरच्या कॅमेऱ्यांचेही पाहा. निकॉन पी १००० ची खरी लेन्स ५३९ मिमी आणि एफ/८, खिडकी ६७ मिलिमीटर. सोनी आरएक्स १० मार्क ४ ची २२० मिमी आणि एफ/४, खिडकी ५५. म्हणून तर पहिल्याचे वजन १४१५ ग्रॅम आणि दुसऱ्याचे १०९५. काच फुकट येत नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते. पूर्ण झूमला अपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) बंद करत जाऊ नका. मोठ्या कॅमेऱ्यांच्या सवयीने एफ/८ लावला तर धार वाढायच्या ऐवजी ठिपका अजून पसरतो. लांबच्या टोकाला लेन्स उघडीच ठेवायची.

उजेडाचे गणित मात्र सगळ्यांनाच छळते. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) १०० आणि एफ/६.४ ला शटर स्पीड सुमारे १/६४० सेकंद मिळतो, हे ठीक. दाट ढगाळ आकाशात उजेड तीन पायऱ्यांनी (प्रत्येक पायरीला निम्मा) उतरतो आणि तोच शटर हवा तर आयएसओ ८०० लागतो. छोट्या सेन्सरवर ८०० म्हणजे पिसांचा चिखल: कॅमेरा दाणे (आयएसओ वाढला की चित्रात उमटणारे ठिपके) पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर पिसेही पुसतो. स्थिर वस्तूला स्टॅबिलायझर हात देतो, ७२० मिमीला १/१०० वरही स्वच्छ चित्र येऊ शकते. पण तो हाताची थरथर सांभाळतो, पक्ष्याची हालचाल नाही. बसलेला पक्षीसुद्धा मान सतत वळवत असतो, त्याला १/५०० तरी द्यावा. उडणाऱ्याला १/१००० च्या पुढे, आणि खरे म्हणजे उडणारे पक्षी हे ह्या कॅमेऱ्यांचे काम नाही.

आता एकेकाचा स्वभाव.

टीझेड २०० (सुमारे ३४० ग्रॅम) बहुतेक प्रवाशांना घ्यायला सांगावा असा. लेन्सभोवती फिरणारे कडे, मागे चाक, हाताला मुठीसारखा उंचवटा, २३ लाख ३० हजार ठिपक्यांचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायचा झरोका), रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती, नंतर हवे तसे काम करायला), एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार ३७० चित्रे. उणेही आहे. पडदा हलत नाही, त्यामुळे जमिनीलगतच्या फुलासाठी लोटांगण घालावे लागते. व्ह्यूफाइंडर लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक दाखवतो, म्हणून नजर झटकन फिरवली की कडांना इंद्रधनुष्य दिसते. काहींना ते अजिबात जाणवत नाही, काहींचे डोके दुखते. घेण्याआधी डोळा लावून पाहाच. ४के चित्रीकरण करताना सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, म्हणजे अरुंद खोलीत व्हिडिओ घ्यायचा तर भिंतीला पाठ टेकते.

आरएक्स १०० मार्क ७ (३०२ ग्रॅम) दुर्बीण म्हणून तोकडा म्हटले खरे, पण पळते मूल, नाच, मिरवणूक यांत ह्याच्यासारखा दुसरा नाही. सेन्सरवरचे ३५७ फोकस बिंदू डोळा पकडून ठेवतात, सेकंदाला २० चित्रे घेता येतात, माइक लावायला जागा आहे. २०० मिमीला एफ/४.५ म्हणजे टीझेड २०० च्या ६.४ पेक्षा एक पायरी उजेड जास्त. किंमत ऐकून मात्र घाम फुटतो, आणि बॅटरी २६० चित्रांत संपते. अंगही इतके गुळगुळीत की वरून रबराची पट्टी चिकटवल्याशिवाय पकड बसत नाही. माणसांचे फोटो हाच प्रवासाचा मुख्य हेतू असेल तरच हा घ्यावा.

कॅनन एसएक्स ७४० (२९९ ग्रॅम) म्हणजे उत्तम लेन्समागे काटकसरीचा कारभार. व्ह्यूफाइंडर नाही, पडद्याला स्पर्श कळत नाही, रॉ फाइल नाही. ९६० मिमी हातात धरून, हात पुढे लांबवून, उन्हात चकाकणाऱ्या पडद्याकडे बघत पक्षी शोधायचा, हा प्रकार करून पाहिल्याशिवाय त्याचा वैताग कळत नाही. त्यावर उतारा म्हणून फ्रेमिंग असिस्टचे बटण आहे: दाबून धरले की झूम क्षणभर मागे येतो, विषय सापडला की सोडायचे, पुन्हा पूर्वीच्या जागी जातो. बटण खरोखर कामाचे आहे. छोटी तिपाई सोबत नेणाऱ्याला आणि फाइलींवर नंतर काम न करणाऱ्याला हा कॅमेरा चालेल.

टीझेड ९५ मध्ये टीझेड २०० सारखाच व्ह्यूफाइंडर आहे, शिवाय पडदा वर १८० अंश वळतो. टीझेड २०० परवडत नसेल तर हा. टीझेड ९९ मध्ये यूएसबी-सी आले आणि पडदा जास्त बारीक ठिपक्यांचा झाला, पण व्ह्यूफाइंडर काढून टाकला. ७२० मिमीच्या कॅमेऱ्यातून व्ह्यूफाइंडर काढणे हा उलटा न्याय झाला. डोळ्याला टेकवलेल्या कॅमेऱ्याला दोन हातांखेरीज कपाळाचा तिसरा आधार मिळतो. लांबवलेल्या हातांत तो कुठून येणार? मोबाइलच्याच चार्जरवर सगळे चालावे हा आग्रह असेल तर टीझेड ९९ घ्या, नाहीतर जुना भाऊ बरा. बाकीच्यांना मायक्रो यूएसबीची वायर लागते, आणि नेमकी तीच हल्ली कोणाकडे उसनी मिळत नाही.

सोनी एचएक्स ९९ फक्त २४२ ग्रॅमचा, आणि तेवढ्यात वर उघडणारा व्ह्यूफाइंडर, रॉ फाइल आणि वळणारा पडदा बसवला आहे. कारागिरी म्हणून थोर. पण तो व्ह्यूफाइंडर ६ लाख ३८ हजार ठिपक्यांचा, किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखा. पाठपिशवीचे वजन ग्रॅममध्ये मोजणाऱ्या ट्रेकरसाठी ठीक.

आता दुखणी. ह्या जातीचा सर्वांत मोठा शत्रू धूळ. लेन्स बाहेर येताना भात्यासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर कण जातात आणि सेन्सरवर बसतात. लेन्स सुटी होत नसल्याने ते घरी पुसता येत नाहीत, पूर्ण जोडणी उघडावी लागते. रुंद टोकाला डाग दिसत नाहीत. झूम केल्यावर निळ्या आकाशात राखाडी गोल उमटतात. म्हणून कॅमेरा नुसता खिशात टाकू नका, कापसाचे तंतू तिथेच असतात. घट्ट बसणारी छोटी पिशवी हवी, तीही अधूनमधून उलटी करून झटकलेली. वाळूत आणि वाऱ्यात झूम पुढेमागे करत बसणे टाळा. वाळूचा एक कण नळ्यांच्या फटीत अडकला की लेन्स अर्ध्यात थांबते आणि पडद्यावर लेन्सचा दोष दाखवला जातो. तेव्हा जोर लावून आत ढकलू नका, गिअरचे प्लॅस्टिकचे दात तुटतात. बॅटरी काढा, लेन्सचे तोंड जमिनीकडे धरा, फटीवर रबरी फुंकणीने हवा मारा, बॅटरी घालून पुन्हा चालू करा. दोनतीनदा करून सुटले नाही तर दुरुस्तीवाल्याकडेच. कॅमेरा पिशवीत दाबला जाऊन आपोआप चालू होणे हेही ह्या दुखण्याचे नेहमीचे कारण आहे: लेन्स बाहेर यायला बघते, कापड अडवते, मोटर जळते किंवा दात घसरतात.

वातानुकूलित खोलीतून दमट हवेत नेताना कॅमेरा बंद प्लॅस्टिक पिशवीत घालून अर्धा तास तसाच ठेवावा. आतल्या भिंगांवर वाफ धरली की ती पुसता येत नाही, वाट बघावी लागते, आणि वारंवार झाले की बुरशी येते.

वापरलेला कॅमेरा घेताना दहा मिनिटे लागतात, ती द्या. दहा वेळा चालूबंद करून लेन्सचा आवाज ऐका; घरघर किंवा मध्येच अडखळणे नको. पूर्ण झूम, अपर्चर एफ/८, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो मुद्दाम अस्पष्ट घ्या: धुळीचे गोल असतील तर इथे लपत नाहीत. मग विटांच्या भिंतीसमोर अगदी समांतर उभे राहून रुंद, मध्य आणि लांब अशा तीन जागी फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे कोपरे थोडे मऊ असतील तर चालते, एकच कोपरा लोण्यासारखा वितळलेला असेल तर भिंग सरकले आहे. पूर्ण झूमला शटर अर्धे दाबा. चित्र शांत झाले पाहिजे, उड्या मारत असेल तर स्टॅबिलायझर गेला. आरएक्स १०० आणि एचएक्स ९९ चे उघडणारे व्ह्यूफाइंडर पाचसहा वेळा उघडमिट करा. शेवटी कोपऱ्यांवरचे पोचे बघा, कॅमेरा पडल्याचे विक्रेता सांगत नाही, पोचे सांगतात.

बाहेर पडल्यावरची मांडणी साधी आहे. शटर प्राधान्य मोड (शटर स्पीड आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा ठरवतो), १/५०० पासून सुरुवात, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा छोट्या सेन्सरला ८००, एक इंचीला ३२०० किंवा फार तर ६४००. डिजिटल झूम बंद: तो कॅमेऱ्यात चित्र कापून फुगवतो, ते काम नंतर करता येते. फोकस मधल्या एका लहान चौकोनावर, नाहीतर कॅमेरा फांदी पकडतो आणि पक्षी धूसर. पांढऱ्या बगळ्याला उजेड दोन तृतीयांश पायरी कमी करा. जेपेगच घेत असाल तर दाणे पुसण्याची मात्रा कमीत कमी ठेवा. विषय आधी रुंद टोकाला मध्यावर घ्या, मग झूम करा. कोपरे बरगड्यांना टेकवा आणि एकाऐवजी चारपाच फ्रेम सलग घ्या, त्यातली एखादी हमखास स्थिर निघते. चंद्रासाठी आयएसओ १००, एफ/६.४, १/२५०, दोन सेकंदांचा टायमर. तिपाईवर असाल तर स्टॅबिलायझर बंद.

दुपारी दूरचा डोंगर ७२० मिमीने घेऊन धूसर आला म्हणून लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि किलोमीटरभर अंतरात तिचा पडदाच होतो. सकाळी लवकर किंवा पावसाची सर येऊन गेल्यावर घ्या. बसच्या तिरक्या काचेतूनही १०० मिमीच्या पुढे जाण्यात राम नाही.

एक जादा बॅटरी प्रत्येकासोबत हवी, सोनीसोबत दोन. टीझेड ९५ आणि २०० ची बॅटरी एकच आहे, घरात दोघांकडे दोन कॅमेरे असतील तर उसनवारी चालते. कार्ड व्ही ३० वेगाचे, ६४ जीबी पुरे: १०० मेगाबिटच्या ४के मध्ये ते सुमारे ८५ मिनिटे पुरते, आणि त्याच्या कितीतरी आधी कॅमेरा तापून विश्रांती मागतो.